पुरुषांची सतरंजी

पाळकाच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकलो. आमचा ख्रिस्ती पुरुष चर्चमध्ये हमखास चार वेळा येतो: बाप्तिस्म्याला, लग्नाच्या पुकाराला, लग्नाला आणि स्वतःच्या अंत्यविधीला. त्यातल्या दोन वेळा त्याला उचलून आणावं लागतं. निरोपाच्या दिवशी मी हे बोललो तेव्हा बायका पोट धरून हसल्या. पुरुष किती हसले ते मला कळलं नाही, कारण ते व्हरांड्यात होते. ते व्हरांड्यात कसे गेले, तेच सांगायला बसलो आहे.

आधी थोडं धंद्याविषयी. पाळक म्हणजे चर्चचा पुजारी, असं बाहेरच्यांना सांगावं लागतं, पण ते अर्धंच खरं. रविवारची उपासना दीड तासाची. बाकीचे सहा दिवस पाळक दारोदार फिरत असतो. कुणाचा ताप, कुणाच्या जावाजावांचं भांडण, कुणाला शाळेसाठी दाखला, कुणाच्या मुलीला आलेलं स्थळ बरं आहे का याची चौकशी. लग्न ठरलं की तीन रविवार वधूवरांची नावं उपासनेत मोठ्यानं वाचायची आणि कुणाची हरकत आहे का म्हणून विचारायचं, त्याला आम्ही पुकार म्हणतो. नवरदेव त्या तीन रविवारी तेल लावून, भांग पाडून पहिल्या रांगेत हजर असतो. चौथ्या रविवारी त्याला शोधायला जावं लागतं.

मी मूळचा नगरकडचा. बदली होऊन बुलढाण्याहून धाड गावाला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आलो, तेव्हा या भागात बीटी कापूस येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गावात ख्रिस्ती घरं पन्नासेक. चर्च जुनं, दगडी, रस्त्याला लागून. आत खुर्च्या-बाकं नाहीत. मधून वाट, तिच्या डाव्या हाताला बायकांची सतरंजी, उजव्या हाताला पुरुषांची. पुढे व्हरांडा, त्यावरचे निम्मे पत्रे कधीच्या वादळात उडालेले.

पहिल्या रविवारी मी वेदीपाशी उभा राहिलो आणि समोर पाहून चरकलो. डावी सतरंजी इतकी भरलेली की बायकांच्या मांडीवर मुलं आणि मुलांच्या मांडीवर चपला. जागा न मिळालेल्या वीसेक जणी बाहेर व्हरांड्यात, उन्हात, डोक्यावर पदर ओढून. आणि उजवीकडे, त्या एवढ्या लांबरुंद सतरंजीवर, दोन म्हातारे. त्यातला एक झोपलेला.

माझ्या आधीच्या पाळकांनी निघताना मला बजावलं होतं, "उजवी सतरंजी मोकळी ठेवा. आज ना उद्या पुरुष येतील. आपली जागा गेलेली दिसली तर दारातूनच परत फिरतील." मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, त्यात मला मोठी श्रद्धा दिसली. दर शनिवारी ती सतरंजी मी स्वतः झटकायचो. एखादी नवी सून चुकून उजवीकडे बसली तर तिला हळूच खूण करून उठवायचो. असं मी अकरा वर्षं केलं.

मंडळीचा खरा कारभार रूथबाईकडे होता. मंडळी म्हणजे आमचा सगळा ख्रिस्ती समाज, नुसती इमारत नव्हे. रूथबाई साठीची विधवा. चर्चची किल्ली तिच्या कंबरेला. घंटा तीच वाजवायची आणि कुणाच्या घरी आजार आहे हे डॉक्टरच्या आधी तिला कळायचं. बसायची मात्र व्हरांड्याच्या अगदी टोकाला. आतली जागा लेकुरवाळ्यांना, हा तिचा नियम. टोकाला बसलं की उशिरा येणाऱ्यांवर डोळे वटारता येतात, हा त्यातला दुसरा फायदा.

पुरुषांना ओढण्यासाठी मी काय काय केलं ते ऐका. शेतकऱ्यांना शेतीचं सांगावं म्हणून एका रविवारी येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे दृष्टांत, घेतला. पेरणारा पेरायला निघतो, काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळीवर, काही काट्यांत, आणि थोडं चांगल्या जमिनीत. त्या दिवशी याकोब नावाचा चाळिशीतला शेतकरी बायकोच्या धाकानं आला होता. उपासना सुटल्यावर तो माझ्यापाशी आला.

"पाळकसाहेब, एक इचारू का? तो पेरनारा कोनच्या गावचा होता?"

"का बरं?"

"नाई, इतकं बी सांडते तो. वाटेवर काय, खडकावर काय. अन् त्याले घरी कोनी काईच म्हनत नाई? आमच्या घरी पाकिटातली एक सरकी खाली पडली, तं बायको गुडघ्यावर बसून हुडकते."

बीटीचं बी मुठीनं फेकत नाहीत. बोटानं खड्डा करून एकेक सरकी लावतात, त्याला टोबणं म्हणतात, आणि ते काम बायका करतात. हे मला तोवर माहीत नव्हतं. याकोबची बायको मागेच उभी होती. "टोबतो आमी," ती म्हणाली, "हे फक्त पाकीट आनते. तेई उशिरा." पेरणाऱ्याचा दाखला मी त्या गावात पुन्हा घेतला नाही.

मग मी पुरुषांच्या मागे रफिकभाईंच्या दुकानापर्यंत गेलो. रफिकभाईंचं बी-बियाणांचं दुकान चर्चपासून हाकेच्या अंतरावर. रविवारी सकाळी आमचे निम्मे पुरुष तिथे बाकावर बसलेले असत. तुडतुड्यांवर काय मारायचं, पांढऱ्या माशीला काय, यावर त्यांची चर्चा माझ्या उपासनेपेक्षा जास्त वेळ चाले. मी गेलो की सगळे आदरानं उठून उभे राहायचे आणि एकेकाला काम आठवायचं. "अळीले रविवार कळत नाई, साहेब," एक म्हणायचा. दुसऱ्याला मलकापूरला जीप घेऊन जायचं असायचं. तिसऱ्याचा पंप बिघडलेला. पाच मिनिटांत बाकावर मी आणि रफिकभाई.

"पाळकसाब," रफिकभाई एकदा मला चहा देत म्हणाले, "जुम्मे को हमारी मस्जिद में मर्दच मर्द. इतवार को आपके इधर औरतेंच औरतें. ऐसा करो, एक हफ्ता अदलाबदली कर लेते." मी हसलो, पण घरी येऊन बायकोला सांगताना तेवढं हसू आलं नाही.

खरं कारण मला याकोबनंच सांगितलं, आणि तेही सहज. एका साली गुलाबी बोंडअळीनं कापसाची वाट लावली होती. मी त्याच्या शेतात गेलो तेव्हा तो बांधावर बसून कवडी निवडत होता. किडक्या बोंडातून निघालेल्या पिवळट, डागी कापसाला इकडे कवडी म्हणतात. मी नेहमीसारखं विचारलं, "याकोब, रविवारी दिसला नाहीस?"

 तो हातातली कवडी मला दाखवून म्हणाला, "माया बाप कापनीच्या सनाले अख्खी गठडी आने, डोक्यावर. सतरंजीच्या म्होरं ठुवे अन् तिथंच बसे, समोर. मी काय ठुवू? हे?"

पीक घरात आलं की आमच्यात एका रविवारी पहिलं फळ देवापुढे ठेवतात. तोच कापणीचा सण. ज्वारीची कणसं, तूर, कापूस, कोंबडी, ज्याला जे जमेल ते.

"अरे, मूठभर आण," मी म्हणालो. "देव हात पाहत नाही."

"देवाचं सोडा हो, साहेब. सासरे पाह्यते." आम्ही दोघंही हसलो. मग तो म्हणाला, "बायायचं बरं हाय. त्या पदरात झाकून आनते, ठुवते, अन् गर्दीत बसून जाते. मानसाले समोर बसा लागते. एवढ्या मोठ्या सतरंजीवर एकटा मानूस बसला, का सारं गाव त्याच्याकडंच पाह्यते."

शहाण्या माणसाला एवढ्यावर अक्कल यायला हवी होती. मी परत आलो, शनिवार होता, आणि चर्चमध्ये जाऊन सतरंजी झटकायला घेतली.

माझ्या तिथल्या अकराव्या वर्षी चर्चच्या वरच्या कार्यालयातून पत्र आलं. आमच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मंडळीला कारभारासाठी पाच प्रौढ पुरुष पंच हवेत. आमच्याकडे दोन उरले होते, त्यातला एक तो झोपणारा. पत्रात लिहिलं होतं की वरिष्ठ स्वतः येऊन पाहणी करतील. पाच कामाचे पंच दिसले नाहीत तर मंडळी बुलढाण्याच्या मोठ्या मंडळीला जोडली जाईल, पाळक तिकडे जाईल आणि गावात महिन्यातून एकच उपासना होईल.

पत्र मी व्हरांड्यातच वाचून दाखवलं. सगळ्यात आधी रूथबाई बोलली. "म्हंजे आमचा रविवार बंद?"

"एक राहील, बाई."

"अन् बाकीचे?"

"एसटीनं बुलढाण्याला जायचं."

"एसटीतून उतराले मले दोघी लागते," ती म्हणाली. "इथं मी चालत येतो, साहेब, माया पायानं." तिनं कंबरेची किल्ली मुठीत धरली आणि बायकांकडे वळली. "पाच मानसं पायजे ना? घरोघरी एकेक हाये. आना."

आठवडाभरात मला तीन नवे होकार मिळाले, जुने दोघं धरून पाच झाले. कसे मिळवले ते मी विचारलं नाही. एका घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती, एवढं कानावर आलं. नव्यांत याकोब पहिला. मी पाचही जणांची तीन दिवस संध्याकाळी तालीम घेतली. मंडळीत घरं किती, पंचांचं काम काय, आणि मुख्य म्हणजे मोठ्यानं प्रार्थना कशी करायची. "आपल्या शब्दांत बोला," मी सांगायचो. पाचही जण माना डोलवायचे आणि गप्प बसायचे.

तो रविवार उजाडला. वरिष्ठ म्हणजे सत्तरीचे, सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. डावीकडे नेहमीची दाटी, व्हरांड्यात नेहमीच्या वीस जणी, आणि उजव्या सतरंजीवर आमचे पाच पंच, इस्त्रीच्या शर्टात, एकमेकांपासून हातभर लांब, ताठ पाठीनं. त्यातले झोपणारे आजोबा त्या दिवशी मुद्दाम जागे ठेवले होते.

उपासनेच्या शेवटी वरिष्ठ उठले आणि पंचांकडे पाहून म्हणाले, "सध्या मंडळीत आजारी कोण कोण आहे?"

याकोबनं मान डावीकडे वळवली आणि बायकोकडे पाहिलं. बायकोनं पुढच्या बाईला विचारलं, तिनं दाराशी बसलेलीला, आणि प्रश्न तोंडातोंडी व्हरांड्यात गेला. थोड्या वेळानं उत्तर त्याच वाटेनं परत आलं. याकोब म्हणाला, "तिघं हाये साहेब. एकाले कावीळ, एक बाळंतीन, अन् एकीचा पाय मोडला."

"पाय मोडलेल्या बाईंना भेटायला कोण जातं?"

पुन्हा मान डावीकडे. पुन्हा प्रश्न व्हरांड्यात, पुन्हा उत्तर आत. असे चार प्रश्न झाले. वरिष्ठांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.  शेवटी ते म्हणाले, "आता पंचांपैकी एकानं शेवटची प्रार्थना करावी."

चौघांनी याकोबकडे पाहिलं. याकोब उभा राहिला. त्यानं डोळे घट्ट मिटले. आयुष्यात त्याला एकच प्रार्थना पाठ होती, आईनं लहानपणी शिकवलेली, आणि तीच त्यानं खणखणीत आवाजात म्हटली. "हे प्रभो, आमच्या म्होरं वाढलेल्या या अन्नाबद्दल आमी तुझे आभार मानतो. हे खाऊन आमाले ताकद येऊ दे. आमेन."

त्याच्यापुढे वरिष्ठ सोडून दुसरं काहीच नव्हतं. डावी बाजू पदरात तोंड खुपसून हलायला लागली. माझी बायको पेटीवर होती, तिनं घाईनं गीत सुरू केलं, पण तिलाही सूर धरवेना. मी वर छताकडे पाहत राहिलो. आता संपलं, असं मला वाटलं.

गीत संपायच्या आत वरिष्ठ मधल्या वाटेनं चालत दाराशी गेले. उत्तरं येत होती कुठून ते त्यांना पाहायचं होतं. मी मागे धावलो. व्हरांड्याच्या टोकाला रूथबाई, कपाळावर घाम, पदर डोळ्यांपर्यंत.

"बाई, उन्हात का बसलात?" त्यांनी विचारलं.

"आत जागा नाई, साहेब."

त्यांनी मागे वळून उजव्या सतरंजीकडे पाहिलं. पाच माणसं आणि पन्नास माणसांची जागा. "ती एवढी मोकळी आहे की."

"ते पुरुषायची हाये," रूथबाई म्हणाली. "पाळकसाहेबायनं राखून ठुली. लय जपते ते तिले. सोता झटकते."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. वरच्या साहेबापुढे माझं नाव चांगलं व्हावं म्हणून सांगितलं. वरिष्ठांनी माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली. इतकी लाज मला नोकरीत कधीच वाटली नव्हती. न येणाऱ्यांसाठी मी सावली राखली आणि येणाऱ्यांना उन्हात बसवलं, आणि त्याला श्रद्धा म्हणत आलो.

"रूथबाई, आत या," मी म्हणालो. "सगळ्या आत या."

कुणी हलेना. अकरा वर्षांची माझीच शिकवण. एकजण तर म्हणाली, "नको साहेब, ते लोक आले तं?" तेव्हा आतून याकोब उठला. "बसा बाई, तुमी बसा. आमी भाईर बसतो." आणि पाचही पंच असे भराभर बाहेर आले की काय सांगू. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद त्यांच्या लग्नातही नसेल.

जेवणानंतर वरिष्ठांनी पाच नावं मागितली. मी लिहून दिली: दोन पुरुष, तीन बायका. पहिलं नाव रूथबाईचं.

"नियमात पुरुष लिहिलंय," ते म्हणाले.

"साहेब, तुम्ही मंडळी पाहिलीत. नियम लिहिणाऱ्यानं पाहिली नव्हती."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "वर भांडावं लागेल," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडं हसले. "त्या अन्नाच्या प्रार्थनेचं मात्र मी अहवालात लिहिणार नाही." वर वर्षभर खल झाला. शेवटी आमचे पंच मंजूर झाले, 'तात्पुरते' असा शेरा मारून. ते तात्पुरतं अजून चालू आहे, आणि रविवारही.

व्हरांड्याचं मी ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप झालं. पुढच्या रविवारी पाचातले चार जण येऊन तिथे बसले. त्याच्या पुढच्या रविवारी सात. व्हरांड्यात समोर बसावं लागत नाही, कुणी पाहत नाही, आभाळावर नजर ठेवता येते आणि तंबाखू थुंकायला उठता येतं. रफिकभाईंच्या बाकावरून हळूहळू सगळे इकडे सरकले. "आत जागा नाई," असं ते आता तक्रारीच्या सुरात, पण मोठ्या ऐटीत सांगायचे. अकरा वर्षं जे पत्रे बसले नव्हते, ते पुरुष बसायला लागल्यावर दोन महिन्यांत बसले. त्या साली कापणीच्या सणाला याकोबनं कापूस आणला. चांगला थोडा, कवडी जास्त. व्हरांड्याच्या खिडकीतून त्यानं तो आत बायकोच्या पदरात टाकला आणि तिनं नेऊन पुढे ठेवला.

पुरुष परत आले असं मी म्हणणार नाही. व्हरांड्यापर्यंत आले. आजही शेजारच्या गावांत येशूची सुवार्ता सांगायला बायकाच जातात, आजाऱ्याच्या उशाशी बायकाच बसतात, आणि मोठ्यानं प्रार्थना करायची वेळ आली की पुरुष चपला शोधायला लागतात. पण उंबऱ्यापर्यंत आलेल्या माणसाला आत का नाही म्हणून रागवायचं नाही, एवढं मी शिकलो.

रूथबाई उजव्या सतरंजीवर अगदी पुढे बसू लागली, माझ्या समोर, चार हातांवर. तीन वर्षांनी मी निवृत्त झालो. निरोपाची उपासना संपली, सगळे जेवायला बाहेर गेले आणि ती आत पेटीवर कापड टाकत होती. मी तिला विचारलं, "बाई, आत बसायला बरं वाटतं ना?"

"हाव. आत आइकू येते."

"म्हणजे?"

"भाईर काईच आइकू ये नाई, साहेब. रस्त्यानं जीपा, ट्रॅक्टर. मान लांब केली तं तुमचं तोंड हालताना दिसे."

मी दर शनिवारी रात्री अकरापर्यंत जागून उपदेश लिहायचो. तिच्यासारख्या भक्तिमान बाया ऐकतात म्हणून लिहायचो. अकरा वर्षं त्यातला एक शब्दही तिच्यापर्यंत गेला नव्हता. 

"मग दर रविवारी येत कशाला होता?"

"मी नसती आली तं बाकीच्या आल्या असत्या काय?" ती म्हणाली. "मंडळी चालली पायजे नं."

मी डोळे पुसले. ती पाहत होती, पण तिनं काही दाखवलं नाही. जरा सावरल्यावर मी म्हणालो, "आणि आता तीन वर्षं ऐकताय. कसा असतो उपदेश?"

रूथबाई चर्चमध्ये खोटं बोलत नसे. तिनं नीट विचार केला.

"चांगला असते," ती म्हणाली. "लांब असते जरा."